संत डेमियन आणि स्पर्शाचे भय



कुष्ठरोगाचे नाव काढले की आजही आपण दोन पावले मागे सरतो. अशा वेळी संत डेमियन यांचे स्मरण करू या.

३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील त्रेमेलो गावी त्यांचा जन्म झाला. १८६४ साली हवाई बेटांवर त्यांना गुरुदीक्षा मिळाली. तेथील सरकार कुष्ठरोग्यांना घरच्यांपासून तोडून मोलोकाई बेटावर धाडत असे. १८७३ च्या मे महिन्यात फादर डेमियन स्वेच्छेने तेथे गेले. त्यांनी रुग्णांच्या जखमा धुतल्या, घरे बांधली, मृतांसाठी शवपेट्या केल्या. ते रुग्णांसोबत एकाच भांड्यातून जेवत. त्याच वर्षी नॉर्वेत डॉ. हॅन्सन यांना या रोगाचा जंतू सापडला. पण औषध नव्हते. १८८४ साली कढत पाण्यात पाय पडूनही चटका जाणवला नाही, तेव्हा फादर काय ते समजले. १५ एप्रिल १८८९ रोजी त्यांनी देह ठेवला. २००९ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत घोषित केले.

हा रोग हस्तांदोलनाने किंवा शेजारी बसल्याने होत नाही, हे आज आपल्याला ठाऊक आहे. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासात, खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून तो पसरतो. उपचार सुरू झाले की लागण थांबते. ही औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. म्हणून अंगावरचा बधिर चट्टा कोणी लपवू नये.

फादरांकडे औषध नव्हते, तरी ते जवळ गेले. आपल्याकडे औषध आहे. मग आपण दूर का राहावे?