बोर्डिंगमधून हाकललेला मुलगा

कोल्हापुरात १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. उद्घाटनाला शहरातल्या जैन बोर्डिंगमधला एक विद्यार्थी हजर होता. परत आल्यावर त्याला आंघोळ करून शुद्ध व्हायला सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि बोर्डिंगने त्याला बाहेर काढले. तो मुलगा म्हणजे भाऊराव पायगोंडा पाटील, पुढचे कर्मवीर.

२२ सप्टेंबर १८८७ ला कुंभोजला एका जैन घरात त्यांचा जन्म झाला. सोवळेओवळे घरातच होते. शाळेत ते काही हुशार म्हणून गाजले नाहीत, शिक्षण अर्धवटच राहिले. पुढे साताऱ्यात शिकवण्या केल्या, किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले. या फिरतीत त्यांना बहुजनांची पोरे शाळेविना राहिलेली दिसली. गावात शाळा नाही, आणि शहरात शाळा आहे पण राहायचे कुठे? म्हणजे वर्गखोलीच्या आधी प्रश्न होता तो अंथरुणाचा आणि भाकरीचा. सत्यशोधक विचारांच्या या माणसाने ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ पासून साताऱ्यात बोर्डिंग चालू झाले.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहे उभारली होती. ती त्या काळाची गरजच होती. एका जातीच्या मुलाला दुसऱ्या जातीच्या घरात पाणी मिळत नव्हते, मग सोय कोण करणार? बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनेही १९२५ साली सोलापुरात आपल्या मुलांसाठी वसतिगृह काढले. साताऱ्याच्या बोर्डिंगला शाहू महाराजांचेच नाव दिले गेले, पण तिथला नियम वेगळा होता. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळी मुले एका छताखाली राहत. स्वयंपाक पोरांनीच पाळीपाळीने करायचा आणि एका पंगतीत जेवायचे. आज ही साधी गोष्ट वाटते. पण आज महाराची पाळी असेल तर त्याने थापलेली भाकरी मराठ्याच्या ताटात पडणार होती, आणि ती खाल्ली नाही तर उपाशी राहावे लागणार होते. जातीवरचे शंभर व्याख्यान एका बाजूला आणि ही भाकरी दुसऱ्या बाजूला. फेब्रुवारी १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते बोर्डिंगचा नामकरण समारंभ झाला. पुढच्याच महिन्यात, २० मार्चला, महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. सवर्ण महाडात एका घोटासाठी दगड उचलत होते, आणि त्याच मुलखात साताऱ्याची पोरे एकाच घागरीतून पाणी पीत होती!

मुलांचा दिवस कष्टाचा असे. लाकडे आणा, झाडलोट करा, शेतात राबा आणि मग अभ्यास. कमवा आणि शिका म्हणतात ते हेच. यात फीचा प्रश्न सुटे. शिवाय हाताने काम करणे हलके, ही ब्राह्मणी समजूत मोडत होती. धान्यासाठी भाऊराव स्वतः गावे पालथी घालत. तरी कोठी रिकामी व्हायची. सनातनी वळणाच्या घरातून आलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी सर्व जातींच्या मुलांना आपली मानले, दागिने मोडले, आणि एकदा तर मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. कर्मवीरांच्या जयंतीला त्यांचा फोटोही लावला जावा, एवढी तरी अपेक्षा करायला हरकत नाही.

पुणे करारानंतर, १९३२ मध्ये, पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले.

आज आपली मुले मोठमोठ्या संस्थांत पोहोचली आहेत आणि तिथल्या काही मेसमध्ये शाकाहारींची वेगळी टेबले लागलेली बघतात. शासकीय वसतिगृहातल्यांना भत्त्यासाठी आंदोलन करावे लागते. भत्त्याची लढाई आपण लढतोच, टेबलाची मात्र बहुतेक वेळा किरकोळ म्हणून सोडून देतो. भाऊरावांनी कोल्हापुरात एक आंघोळ नाकारली होती, तीही किरकोळच होती.