नामदेवांची पावले

परंपरेनुसार संत नामदेवांचा जन्म १२७० चा, हिंगोली जिल्ह्यातील नरसीचा. शिंपी घरातला हा मुलगा पंढरपुरात विठ्ठलभक्तीत रमला. औंढा नागनाथला त्यांना विसोबा खेचर गुरू लाभले. ज्ञानेश्वरांबरोबर त्यांनी तीर्थयात्रा केली आणि ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर ते उत्तरेकडे निघाले, ते थेट पंजाबातील घुमानपर्यंत. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. १३५० मध्ये, ऐंशीच्या घरात, त्यांनी देह ठेवला. चालणे आणि कीर्तनात नाचणे हाच त्यांचा जन्मभराचा नेम होता.

नाचताना अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर जातो. तोल राखण्याचा तो सरावच. फुफ्फुसांचा जुनाट आजार, म्हणजे सीओपीडी असलेल्या ज्येष्ठांचा नेमका हाच सराव सुटतो. धाप लागते म्हणून ते बसून राहतात, मांड्यांचे स्नायू झिजतात, तोल जातो आणि पडल्यावर खुब्याचे हाड मोडते. अशांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज बोलता येईल इतक्या वेगाने चालावे, खुर्चीवरून उठबस करावी, ओट्याला धरून क्षणभर एका पायावर उभे राहावे. धाप वाढल्यास थांबून, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडावा. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच दवाखाना गाठावा. सुरुवात अंगणातल्या दहा पावलांनी झाली तरी चालेल.