भीमथडीचे रोखे आणि पुण्याचे जज्जसाहेब

डिसेंबर आला की पुण्यातल्या कॉलेजांच्या ग्रुपवर भीमथडी जत्रेचे मेसेज फिरायला लागतात. तुम्हीही जाता, थालीपीठ खाता, मांडे कसे करतात त्याचा व्हिडिओ काढता. स्टॉलपलीकडच्या ताईंच्या मागे बचत गटाच्या नावाची पाटी असते. तो स्टॉल, त्यातली भांडी, कच्चा माल यासाठी त्यांना पैसे कोणी दिले आणि कशाच्या भरवशावर दिले, हा प्रश्न मात्र आपल्याला सहसा पडत नाही.

हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाला पडला होता. त्याचं नाव तुम्हाला दहावीच्या इतिहासापासून माहीत आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. पगडी, दाढी, समाजसुधारक, दोन मार्कांची टीप. पण या माणसाने आयुष्यातली कितीतरी वर्षं गरिबाच्या कर्जाचा हिशोब तपासण्यात घालवली, हे टीपेत येत नाही.

आधी भीमथडी. आपल्या राज्यगीतात जिची तट्टं आहेत तीच ही. इंग्रजांच्या काळात पुणे जिल्ह्यात या नावाचा तालुका होता आणि सुपे हे बाजाराचं गाव त्यात होतं. आज सुपे बारामती तालुक्यात आहे. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, तिथे आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर चालून गेले. घरं-दुकानं लुटली गेली हे खरं, पण त्यांना मुख्यतः हवे होते कागद. रोखे, खतं, हिशोबाच्या वह्या. सापडले ते रस्त्यावर आणून जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं, इंदापूरही त्यातून सुटलं नाही. इतिहासाच्या पुस्तकातले ‘दख्खनचे दंगे’ ते हेच.

कागदच का? इथे थोडं गणित करावं लागेल. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याला तीन वर्षांचं आयुष्य दिलं होतं. तीन वर्षांत दावा लावला नाही तर रोखा बाद. कायदा कर्जदाराच्या भल्यासाठी केलेला, झालं उलटंच. सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायचा आणि साचलेलं व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून चढायचं. समजा, शंभर रुपये घेतले, व्याज शेकडा चोवीस. तीन वर्षांनी नवा रोखा १७२ चा. सहा वर्षांनी २९६ चा. नवव्या वर्षी ५०९ चा. व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही, ही आपल्याकडची जुनी दामदुपटीची मर्यादा होती, पण नव्या रोख्याने तीही पुसली जायची. शेतकरी अंगठा उठवायचा. वर काय लिहिलंय हे वाचणार कोण?

त्यात सरकारी सारा वाढला. मुंबई इलाख्यातली जमीनमोजणीची पद्धत पहिल्यांदा इंदापूर तालुक्यातच बसवली गेली होती, १८३६ साली. तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ मध्ये फेरआकारणी झाली आणि सारा कितीतरी चढला. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्याने कापसाचा भाव याच सुमारास पडला. सारा भरायला सावकार, बी घ्यायला सावकार, लेकीच्या लग्नाला सावकार.

दंगा झाला तेव्हा रानडे तेहतीस वर्षांचे होते आणि पुण्यात सबजज्ज होते. जन्म निफाडचा, १८ जानेवारी १८४२ चा. वडील कोल्हापूरला कारकून, त्यामुळे बालपण तिकडे. मग मुंबईचं एल्फिन्स्टन. मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या बीए झालेल्यांत त्यांचं नाव येतं. वाचून वाचून डोळे बिघडवून घेतले, तो त्रास जन्मभर राहिला. १८७१ मध्ये ते पुण्याला आले आणि आदल्याच वर्षी सुरू झालेल्या सार्वजनिक सभेचा मेंदू बनले. शेतकऱ्यांची अवस्था काय आहे याची चौकशी सभेने दंग्याच्या आधीच सुरू केली होती. म्हणजे सरकारचा चौकशी आयोग बसण्याआधी पुण्यातली ही मंडळी गावांची माहिती जमवत होती.

याच काळातली एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार करणाऱ्या रानड्यांची पहिली पत्नी १८७३ मध्ये गेली आणि वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. तेव्हाही लोकांनी नावं ठेवली आणि ती ठेवण्यासारखीच होती. ती मुलगी म्हणजे रमाबाई. घरातल्या बायकांचे टोमणे चालू असताना रानड्यांनी त्यांना शिकवलं. मराठी झालं, मग इंग्रजी. रमाबाईंकडे आपण परत येऊ.

सरकारने १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा केला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर हे चार जिल्हे त्यात आले. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम असं की कोर्टाने रोख्यावरचा आकडा खरा धरायचा नाही. मागे मागे जायचं, पहिलं कर्ज किती, कधी, किती फेडलं, हे बघून मगच देणं ठरवायचं. हप्ते बांधून द्यायचे. गावात दस्त नोंदवणारा माणूस नेमायचा. हा कायदा नीट चाललाय का हे बघायला खास जज्ज नेमले आणि १८८१ मध्ये रानड्यांना त्यांच्या हाताखाली नेमणूक मिळाली. पुढे १८८७ पासून ते स्वतःच खास जज्ज झाले.

हा तोच माणूस, ज्याच्यावर सरकारचा संशय होता! वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या वेळी, १८७९ मध्ये, त्यांची बदली धुळ्याला झाली होती आणि टपालावर पाळत होती. आता तेच सरकार त्यांना तालुक्या-तालुक्यातली कोर्टं तपासायला पाठवत होतं. कल्पना करा. तंबू, बैलगाडी, दप्तरांचे गठ्ठे, अधू डोळे आणि समोर मोडी लिपीतल्या वह्या. कोणाचे साठ रुपये, कोणाचे दीडशे. या फिरतीत रमाबाई बरोबर असायच्या. गावात मुलींची शाळा असली तर बघायला जायच्या, बायकांना भेटायच्या.

या कामात एक अडचण लपून राहिली नाही. जुनं कर्ज कमी करून दिलं तरी पेरणी पुढच्या जूनमध्ये असतेच. बी कुठून आणायचं? कायद्याचा धाक बसलेला सावकार एकतर हात आखडता घेतो, नाहीतर उधारीऐवजी सरळ जमिनीचं खरेदीखत लिहून मागतो. नुसता दोर कापून चालत नाही, धरायला दुसरा दोर द्यावा लागतो.

तो दुसरा दोर म्हणजे शेतकी बँक. पुण्याचे जिल्हा न्यायाधीश सर विल्यम वेडरबर्न यांनी ही योजना मांडली आणि रानडे त्यांच्याबरोबर होते. प्रयोग एकाच तालुक्यात करायचा, पुरंदरमध्ये. सरकारने आधी जुनी कर्जं तडजोडीने मिटवायची, मग खाजगी भांडवलाच्या बँकेने ठरलेल्या व्याजाने नवं कर्ज द्यायचं. पुण्यातले पैसेवाले तयार होते. रिपनच्या सरकारने योजना उचलून धरली आणि १८८४ मध्ये लंडनला पाठवली. लंडनने नाही म्हटलं. एका तालुक्याचा प्रयोगसुद्धा नको! मला विचाराल तर रानड्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात महागात पडलेला नकार आहे. बिल भरलं ते पुरंदर, भीमथडी, इंदापूरच्या घरांनी.

त्यांनी नाद सोडला नाही. १८९१ मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत त्यांनी कर्जव्यवस्थेच्या फेररचनेवर निबंध वाचला. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, इटली, स्वित्झर्लंड, कुठल्या देशात गरीब शेतकऱ्याला कर्ज कसं मिळतं याचा धांडोळा घेतला. १८९३ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि १६ जानेवारी १९०१ रोजी गेले. सहकारी पतसंस्थांचा कायदा आला १९०४ मध्ये. तीन वर्षांनी हुकला.

पुढची गोष्ट बारामतीकरांना ठाऊक आहे. नीरेच्या डाव्या कालव्याला पाणी आलं, ऊस आला, सोसायट्या आल्या. १९११ मध्ये मुंबईत सहकारी बँक उभी राहिली आणि तिचा पैसा या कालव्याखालच्या सोसायट्यांकडे वळला.

पण आता एक खटकणारी गोष्ट. रानड्यांच्या निबंधातला कर्जदार, वेडरबर्नच्या योजनेतला कर्जदार, सोसायटीचा सभासद, सगळे पुरुष. कर्ज मिळायचं जमिनीवर आणि जमीन बाईच्या नावावर नाही. चूल ती पेटवणार, शेळी ती पाळणार, बाजारात भाजी तीच विकणार, पण तिच्याकडे तारण काय? डोरलं आणि पाटल्या. ते गहाण पडायचे तेही बहुतेक घराच्या कर्जासाठी. इतक्या बारकाईने वह्या वाचणाऱ्या माणसाला ही बाजू दिसली नाही, असं म्हणावं लागतं.

थोडीफार दिसली ती रमाबाईंना. नवरा गेल्यावर त्या कायमच्या घरात बसल्या नाहीत. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. बाईच्या हाताला कमाईचं काम पाहिजे म्हणून शिवणकाम, नर्सिंग, शिक्षिकेचं प्रशिक्षण. १९२४ मध्ये वारल्या तोवर त्या तिथे होत्या. कमाई शिकवली गेली. धंद्याला भांडवल देणं मात्र अजून लांब होतं.

तारणाचा पेच सुटायला १९९२ उजाडलं. त्या वर्षी नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडायचा प्रयोग सुरू केला, पाचशे गटांपासून. दहा-वीस बायका दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकतात, त्यातूनच एकमेकींना देतात, वहीत लिहितात. ती वही नीट चालली की बँक गटाला कर्ज देते, जमीन न मागता. एकीचा हप्ता चुकला तर उरलेल्या तिच्या दारात जातात. जमिनीच्या जागी ओळख तारण झाली. महिला आर्थिक विकास महामंडळ, ज्याला आपण माविम म्हणतो, आणि नंतर ‘उमेद’ यांनी गावोगाव हे गट बांधले. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात अशा कर्जाचं काय होतं ते बघायला पुस्तक लागत नाही. एक शिलाई मशीन. दोन शेळ्या. मसाल्याची गिरणी. पोराची कॉलेजची फी. तुमच्यातल्या काहींची पहिली फी त्याच वहीतून गेली असेल.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. गटाच्या नावाखाली घरपोच कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्याही याच गल्लीत येतात, आठवड्याचा हप्ता घेतात आणि एकीचा हप्ता फेडायला दुसरीचं कर्ज काढलं जातं. म्हणजे नवा रोखा, नवं मुद्दल. ओळखीचं वाटतंय ना?

म्हणून आज घरी गेलात की आईचं कर्जाचं कार्ड मागून बघा. व्याज ‘फ्लॅट’ लिहिलंय की घटत्या शिलकीवर? तीस हजार रुपये, एक वर्ष, बारा हप्ते, बारा टक्के फ्लॅट म्हणजे ३६०० रुपये व्याज. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होतंय, त्यामुळे खरा दर पडतो साडेएकवीसच्या आसपास. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे कमी उत्पन्नाच्या घराला असं कर्ज देणाऱ्याने सगळा खर्च धरून दर सांगणारा कागद द्यायचा असतो आणि घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवा, असंही त्यात आहे. इंग्रजीत दिला असेल तर मराठीत मागून घ्या.