कोण होते यशवंत घाडगे? माणगावचा जवान इटलीत का लढला?

रायगड जिल्ह्यातील माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पण जिथे ते धारातीर्थी पडले, त्या इटलीत त्यांची कबर नाही.

इटलीत कसे पोहोचले?
घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगावात झाला. पुढे ते मराठा लाइट इन्फंट्रीत दाखल झाले. देश पारतंत्र्यात होता. त्यामुळे ब्रिटन दुसऱ्या महायुद्धात उतरताच भारतीय सैन्यही ओढले गेले. इटलीत ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीत भारतीयांसोबत कॅनडा, न्यूझीलंड आणि पोलंडचे जवानही जर्मनांशी लढत होते.

१० जुलै १९४४ रोजी काय घडले?
टायबर नदीच्या खोऱ्यात घाडगेंच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले. हातबॉम्ब फेकून त्यांनी मशिनगन बंद पाडली आणि एका शत्रूला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. उरलेल्या दोघांना त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने ठार केले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजाच्या गोळीने ते कोसळले. वय अवघे २२ वर्षे.

आज आठवण कुठे?
त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर नसलेल्या सैनिकांसाठी कॅसिनो येथे उभारलेल्या स्मारकावर त्यांचे नाव आहे. २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने येथे त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले गेले.

इटलीच्या मुक्तीसाठी त्यांनी प्राण दिले. त्यांचा स्वतःचा देश स्वतंत्र झाला, तो त्यानंतर तीन वर्षांनी.