सम पुन्हा येते

खोपोलीच्या बाजारात उभे राहून घाटाकडे मान वर केली, की वर खंडाळा. थंड हवा आणि बंगले यांपलीकडे या गावाची एक ओळख होती, ती आता फारशी कुणाला आठवत नाही. १९३८ च्या सुमारास मादाम मेनका यांनी तिथे ‘नृत्यालयम्’ ही नृत्यशाळा काढली. कर्जत-खालापूर भागात गणेशोत्सवापासून शाळांच्या स्नेहसंमेलनांपर्यंत नृत्यस्पर्धांचा हंगाम सुरू झाला, की मला या बाईंची आठवण होते.

मेनकाबाईंचे मूळ नाव लीला रॉय. जन्म १८९९ चा, बंगालमधल्या बारिसालचा. तरुणपणी त्या व्हायोलिन वाजवीत. लग्न झाले साहिबसिंग सोखी यांच्याशी. हे पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक झाले. चांगल्या घरच्या बाईने रंगमंचावर नाचणे हे त्या काळी कमीपणाचे समजले जाई. तरीही अॅना पाव्हलोव्हाच्या प्रोत्साहनाने, वयाने मोठ्या झाल्यावर, बाई कथककडे वळल्या. पंडित सीताराम प्रसाद, अच्छन महाराज, लच्छू महाराज अशा गुरूंकडे शिकल्या. कथक मुख्यतः एकट्याने नाचायचे नृत्य. त्यातून त्यांनी समूहाची नृत्यनाट्ये उभी केली.

१९३६ साली त्यांचा संघ युरोपला गेला. ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनमध्ये आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा भरली होती, तिथे त्याने पारितोषिके मिळवली. हे बक्षीस सगळे सांगतात. मला महत्त्वाचा वाटतो तो दौरा. १९३८ पर्यंत गावोगावी शेकडो प्रयोग! काल चुकलेले पाऊल मनात घोळवत बसणाऱ्या कलावंताला आजचा प्रयोग कसा झेपणार?

नेमके इथेच आपल्या मुलांचे अडते. आठ-दहा वर्षांची मुलगी एक गिरकी चुकली म्हणून विंगेत हमसून रडते, आणि पुढच्या वर्षी नाव द्यायलाच नको म्हणते, हे मी अनेकदा पाहिले आहे. मानसशास्त्र आता सांगते, की उत्तमाची ओढ वेगळी आणि चुकीची धास्ती वेगळी. पहिली माणसाला तालमीला नेते, दुसरी पाय बांधून ठेवते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून आईवडिलांची गफलत होते.

कथकमध्ये यावर जुना उतारा आहे. बोल आधी तोंडाने म्हणायचे, हाताने ताल धरायचा, ही पढंत. पायांआधी मन नाचून घेते. दुसरी गोष्ट तालाची. त्रितालाच्या सोळा मात्रा फिरून पुन्हा समेवर येतात. एखादी तिहाई चुकली तरी लेहरा थांबत नाही. नर्तकीने कान उघडे ठेवायचे आणि पुढची सम गाठायची. चूक झाल्यावर काय करायचे, हेही तालमीतच शिकायचे असते.

बाईंच्या हाताखाली घडलेली दमयंती जोशी आपली मुंबईची, जन्म १९२८ चा. मेनकाबाईंचे स्वतःचे मूल गेले होते. या मुलीला दत्तक घ्यावे असे त्यांच्या मनात होते. तिची आई वत्सलाबाईंनी मुलगी दिली नाही. मग दोघींनी मिळून तिला वाढवले. गुरूचा धाक आणि आईची कूस, दोन्ही तिच्या वाट्याला आली. पुढे ती देशातली नामवंत कथक नर्तिका झाली. १९७० साली पद्मश्री मिळाली. शिरीन वजिफदारही खंडाळ्याच्याच शिष्या.

महायुद्धाच्या काळात शाळा बंद पडली आणि १९४७ साली, पन्नाशीच्या आतच, मेनकाबाई गेल्या. शाळा राहिली नाही, पण शिष्यांच्या पायांतून विद्या पुढे चालत राहिली.

कर्जतला लांब पल्ल्याच्या गाड्यांना मागून जादा इंजिने लागतात. घाट चढेपर्यंत ती रेटतात आणि लोणावळ्याला सुटी होतात. पालकांनी याहून जास्त काही करायचे नसते. स्पर्धा संपवून मूल घरी येईल तेव्हा नंबर कितवा, हे विचारायची घाई करू नये. आधी जेवायला वाढावे. मग चुकल्यावर पुढची सम कशी गाठलीस, एवढे विचारावे. ते सांगताना मुलाचा चेहरा उजळला, तर पुढच्या वर्षी ते आपणहून नाव देईल.