टोपीकार स्टेटसन
जॉन स्टेटसन याचा जन्म १८३० साली अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात झाला. त्याचे वडील टोप्या बनवीत. जॉनही तीच विद्या शिकला. पुढे तरुणपणीच त्यास क्षयाने गाठले. आपले दिवस आता थोडेच उरले, असे समजून तो पश्चिमेकडे निघाला.

कोलोरॅडोच्या उघड्या मुलखात ऊनपावसाचा मारा भारी! जॉनने जनावरांची लव पिंजली, गरम पाण्यात भिजवली व पुनःपुन्हा दाबली. लवेचे तंतू एकमेकांत गुंतले आणि न कातता, न विणता बुरणुसासारखे घट्ट कापड तयार झाले. त्याची त्याने रुंद काठांची टोपी केली. एका घोडेस्वाराने ती पाच डॉलरला घेतली, असे सांगतात.

१८६५ साली त्याने फिलाडेल्फियात धंदा मांडला. त्याच्या टोप्या गुराख्यांच्या मस्तकी शोभू लागल्या. १९०६ साली तो वारला, तेव्हा त्याचे वय ७५ होते.