कै. दुर्गाबाई खोटे

गोदावरीचा उगम आणि ज्योतिर्लिंग यांमुळे त्र्यंबकेश्वराचे नाव सर्वतोमुखी आहे. भारतीय चित्रपटांचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्मही याच क्षेत्री ३० एप्रिल १८७० रोजी झाला. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेकरिता त्यांस एकही स्त्री मिळेना. अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नामक तरुणास लुगडे नेसवून ती भूमिका द्यावी लागली. पुढे एकोणीस वर्षांनी हीच तारामती एका सुशिक्षित, घरंदाज स्त्रीने पडद्यावर उभी केली. त्या दुर्गाबाई खोटे होत.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईच्या सुखवस्तू लाड कुटुंबात झाला. कॅथीड्रल हायस्कूल व सेंट झेवियर कॉलेज येथे त्यांनी शिक्षण घेतले. विशीच्या आतच त्यांचा विवाह खोटे घराण्यात झाला. परंतु दैवाचे फासे उलटे पडले. घरची सांपत्तिक स्थिती ढासळली, आणि दोन लहान मुलांच्या पालनाचा भार दुर्गाबाईंवर येऊन पडला.

त्या काळी चित्रपटात काम करणे हे कुलीन स्त्रियांस लांच्छनास्पद मानले जाई. दुर्गाबाईंनी १९३१ साली 'फरेबी जाल' या चित्रपटात लहानशी भूमिका केली. तो चित्रपट हिणकस निघाला, आणि लोकनिंदा मात्र त्यांच्या पदरी आली. दुसरी एखादी स्त्री खचून घरी बसली असती. पण मुलांच्या पोटाचा प्रश्न लोकनिंदेने सुटत नाही. कोल्हापूरच्या 'प्रभात'कडून बोलावणे आले, ते त्यांनी स्वीकारले. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला 'अयोध्येचा राजा' १९३२ साली प्रकाशित झाला. पहिला मराठी बोलपट म्हणून तो ओळखला जातो. त्यात हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, आणि तारामती दुर्गाबाई. पडद्यामागून दुसऱ्याने गाण्याची सोय तेव्हा नव्हती. नटांस स्वतःच गावे लागे. या बोलपटाने निंदकांची तोंडे बंद केली.

त्या वेळी बहुतेक नटनट्या एकाच कंपनीत मासिक वेतनावर बांधलेल्या असत. दुर्गाबाईंनी ते बंधन मानले नाही. पटेल त्या कंपनीत, ठरलेल्या मोबदल्यावर काम करण्याचा मार्ग त्यांनी धरला. कलकत्त्यास 'राजरानी मीरा' व 'सीता', तर 'प्रभात'मध्ये 'अमरज्योती' अशी त्यांची कामे गाजली. 'अमरज्योती'तील समुद्रावर सत्ता गाजविणारी सौदामिनी अनेकांच्या स्मरणात राहिली. रंगभूमीचीही त्यांनी मोठी सेवा केली. नाशिकचे कविवर्य वि. वा. शिरवाडकर यांनी 'मॅकबेथ'वरून रचलेल्या 'राजमुकुट' नाटकात त्यांनी प्रमुख स्त्रीभूमिका केली.

वयाची पंचेचाळीशी उलटल्यावर पुष्कळ नट्या विस्मृतीत जातात. दुर्गाबाईंनी मात्र १९५२ च्या सुमारास 'फॅक्ट फिल्म्स' ही स्वतःची संस्था काढून माहितीपट व जाहिरातपट यांच्या धंद्यात पाऊल टाकले. या धंद्यात नावाच्या वलयावर भागत नाही. पैशाचा हिशेब चोख ठेवावा लागतो आणि काम मुदतीत द्यावे लागते. हीच संस्था पुढे 'दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स' या नावाने चालली, आणि १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेली 'वागले की दुनिया' ही लोकप्रिय मालिका तिनेच निर्माण केली. मध्यंतरी एका पुत्राच्या अकाली निधनाचा घाव त्यांस सोसावा लागला. तरी काम सुटले नाही. १९६० च्या 'मुघल-ए-आझम'मध्ये त्या जोधाबाई झाल्या, आणि 'बिदाई'तील आईच्या भूमिकेबद्दल त्यांस फिल्मफेअर पारितोषिक लाभले.

सरकारने १९६८ साली त्यांस पद्मश्री दिली. १९८३ साली, ज्या फाळक्यांस तारामतीसाठी स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा पुरस्कार या तारामतीस अर्पण झाला. 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र लिहून त्यांनी आपल्या आयुष्याचा हिशेबही वाचकांपुढे मांडला. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिमित्रहो, कोणताही प्रामाणिक धंदा मुळात हलका नसतो. करणाऱ्याच्या वर्तनाने त्यास प्रतिष्ठा येते. आणि पालकांनीही ध्यानी घ्यावे की, मुलीस दिलेले शिक्षण वाया जात नाही. संकटाच्या दिवशी दुर्गाबाईंजवळ धन उरले नव्हते. विद्या आणि धैर्य मात्र होते, आणि त्यांच्याच बळावर त्यांनी संसार सावरला.